अनफिट

मी एसी दुरुस्तीचं काम करतो. दुबईत दोन वर्षं काढून रत्नागिरीला परतलो, त्याला चार महिने झाले होते. पुन्हा जायचं म्हणून मुंबईत मेडिकल केलं आणि एजंटचा फोन आला, "अनफिट. रक्तात काहीतरी निघालंय. सरकारी दवाखान्यात तपासून घ्या."

मला ना ताप, ना खोकला. तरी जिल्हा रुग्णालयात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी दार लोटून घेतलं आणि रिपोर्ट समजावला. एचआयव्ही.

"किती दिवस आहेत माझ्याकडे?"

"दिवस कसले मोजताय? याआधीचं मेडिकल कधीचं?"

"दुबईला जातानाचं. पास होतो."

"म्हणजे लागण त्यानंतरची. लवकर सापडलात. पूर्वी माणसं टीबीनं पार खंगून आमच्याकडे यायची, आणि तोवर घरातही लागण पोचलेली असायची. आता सांगा, अजून कोणाकोणाला तपासायला हवं?"

दुबईत एका बाईशी माझे संबंध होते. बाहेर येऊन तिला फोन लावला. नंबर बंद होता. आजही बंदच आहे.

बायको मागच्या पडवीत बांगडे साफ करत होती. तिथेच सगळं सांगितलं. तिने उरलेले दोन बांगडे साफ केले, हात धुतले आणि म्हणाली, "उद्या मी पण येते. आईंना आत्ता काही सांगू नका."

तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तेव्हा मात्र ती दवाखान्याच्या बाकावर बसून हमसून रडली. मी बाजूला नुसता उभा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही निगेटिव्ह.

माझ्या गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या. रोज एक. सुरुवातीला झोप लागेना, मग सवय झाली. सहा महिन्यांनी रक्तातला विषाणू मोजला, तर सापडण्याइतकाही उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "हा असाच राहिला तर तुमच्यापासून बायकोला लागण होणार नाही. गोळी मात्र चुकवायची नाही."

मी त्यांना तेच तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा बायकोनेच उत्तर दिलं, "नाही होणार म्हणतायत ना ते!"

परतीच्या एसटीत ती खिडकीपाशी बसली. "सगळं विसरले असं समजू नका," म्हणाली. मी मान हलवली. थोड्या वेळाने तिने डबा उघडून माझ्यापुढे धरला. कितीतरी दिवसांनी मला सपाटून भूक लागली होती.