बारशाची लिंक भलत्याच ब्राउझरमधी

मंडळी, आज कॅनडात माझ्या भावाच्या लेकीचं बारसं होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. इकडं मस्तगडच्या घरात मी काठापदराची साडी नेसून कॉम्प्युटरपुढं बसल्ते.

भावानं पाठवलेली लिंक दाबली की जुन्या ब्राउझरमधीच उघडे, अन् त्यात व्हिडिओ चालेना. सेटिंगमधी जाऊन नवा ब्राउझर निवडला, तरी पुन्हा जुनाच! फोन लावला, तर तिकडं सगळे पाळण्यापाशी. कोणी उचलेना. शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

तेवढ्यात भावाचाच फोन. "ताई, मुहूर्त टळून चालल्ता गं. शेजारच्या काकूंनी सांगितलं नाव."

आता लिंक बराबर नव्या ब्राउझरमधी उघडून राह्यली. आत कोणीच न्हाई, माझाच चेहरा दिसतो.

साडी बदलू, का अजून थोडं बसू?