हुकलेल्या ठोक्यांचे दिवे

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान रुग्णालयांतील यंत्रे दुरुस्त करीत असत. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि यंत्रांतूनच कलाकृती घडवू लागले. नातलगांत त्यांचे नाव ‘दिवेवाले’ पडले. त्यात कौतुक कमी आणि टोमणा अधिक होता.

त्यांची शेवटची कलाकृती अशी: अंधारी खोली, छताला टांगलेले काचेचे गोळे आणि मध्यभागी पितळी मूठ. मूठ धरली की यंत्र नाडी ओळखे आणि प्रत्येक ठोक्यासरशी सारे गोळे उजळत. हात बदलला की खोलीची लय बदले.

चाचणीसाठी हात बहिणीचा असे. सकाळची भांडी आवरून ती मूठ धरून उभी राही. पण मध्येच एखादा ठोका हुके आणि खोली क्षणभर काळोखी होई. मेहुण्यांनी तारा बदलल्या, त्यांच्या सांध्यांना पुन्हा डाख दिले, मूठ घासून लख्ख केली. त्यांच्या स्वतःच्या हाताला दिवे बिनचूक लागत. तेव्हा दोष तिच्या ओलसर तळव्यांचा ठरला.

“तुमच्या यंत्राला घरकामाची सवय नाही,” ती माझ्यादेखत त्यांना म्हणाली. “चार दिवस भांड्यांना जुंपा, आपोआप वळण लागेल.”

आम्ही तिघेही हसलो. उद्घाटन तोंडावर आले होते. ठोका हुकल्यास यंत्राने तो स्वतःच भरून काढावा, अशी तजवीज मेहुण्यांनी केली. त्यानंतर दिवे एकदाही अडखळले नाहीत. उद्घाटनाला पहिला हात तिचाच होता. टाळ्याही पुष्कळ पडल्या.

पुढच्याच महिन्यात ती जिन्यात कोसळली, ती उठलीच नाही. हृदयाची लय बरेच दिवस बिघडलेली असावी, असे डॉक्टर म्हणाले; घरात कोणाला काही जाणवले नव्हते का, असेही त्यांनी विचारले. हृदयाचे आलेख काढणारी यंत्रे दुरुस्त करण्यात मेहुण्यांची उमेदीची वर्षे गेली होती.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. गोळे आता घरच्या छताला टांगलेले आहेत. मुठीवर हात कोणाचाच नव्हता, तरी दिवे लागत होते, विझत होते. उद्घाटनाच्या दिवशी यंत्राने साठवलेली तिची नाडी होती ती.

यंत्राने भरलेले ठोके वगळता येतील का, असे मी विचारले.

“तशी खूण ठेवली नाही, दादा,” ते म्हणाले. “त्यातले तिचे कुठले आणि मी भरलेले कुठले, ते आता मलाही सांगता येत नाही.”

मी त्यांच्या शेजारी बसलो. दिवे एका लयीत उजळत राहिले. त्यांत कोठेही चूक नव्हती.