मोहाखालचा धूर

प्रफुल निमगडेनं बायकोला गाडी चालवायला शिकवली, याचं चंद्रपुरात शेजारपाजारच्या बायकांना भारी कौतुक होतं. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं त्या हर्षाला येता-जाता ऐकवायच्या आणि हर्षा हसून पुढं जायची. खरी गोष्ट एवढीच, की वाघ दिसला की प्रफुलला दोन्ही हात मोकळे लागायचे. एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं ती लांबलचक लेन्स पेलत नाही, म्हणून हर्षा गाडी शिकली. भाजीबाजारात जायला हीच गाडी मागितली तर पेट्रोल फुकट येत नाही, असं उत्तर मिळायचं.

प्रफुल एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता. सोमवार ते शुक्रवार तो फायलींमध्ये असायचा आणि शनिवार उजाडला की अंगात वारं भरल्यासारखा उठायचा. दर शनिवार-रविवार कुठलं ना कुठलं जंगल, नाहीतर तलाव. हर्षाचं डी.एड. झालेलं होतं, लग्नाआधी एका खाजगी शाळेत तिला नोकरीही होती. पण त्या शाळेला शनिवारी सुटी नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नोकरी सुटली. ती सोडली, की सोडायला लावली, यावर आता वाद घालून काय उपयोग?

दौऱ्याची तयारी तिची. पराठे तिनं करायचे, आठ वर्षांच्या नंदिनीला उठवून गाडीत टाकायचं तिनं, आणि पाणवठ्यावर पोरगी खोकली तर बोलणीही तिनंच खायची. लेन्स टेकवायला खिडकीत ठेवतात ती उशी तिनं प्रफुलच्या जुन्या जीन्सची शिवली होती, आत घरातलीच मुगाची डाळ. घरी हार्डडिस्कवर साठ हजारांवर फोटो होते. त्यांत हर्षा शोधली तर सापडायची, पण अर्धीमुर्धी. "जरा तिथी उभी राह्य, लाइट पाहू दे," असं म्हणून काढलेले ते फोटो, वेळ मिळाला की पुसून टाकण्यासाठीचे.

हे सगळं ती चालवून घेत होती. नवरा पीत नाही, मारत नाही, पगार घरात देतो, एवढ्यावर आपल्याकडे बाईला सुखी ठरवून लोक मोकळे होतात. हर्षानंही स्वतःला तसंच ठरवून टाकलं होतं.

तिचं माहेर गोंडपिपरीच्या आतल्या बाजूला, सावरटोला नावाच्या गावात. वडील लहानू ती दहावीत असतानाच गेले. मागं राहिली आई, गिरजाबाई, आणि जंगलातली चार मोहाची झाडं. जंगल सगळ्या गावाचं, पण कुठल्या मोहाखाली कुठल्या घरानं वेचायचं हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं, आणि ते कुणी मोडत नाही. या चार झाडांखाली वाकून वाकून गिरजाबाईनं पोरीला शिकवलं, तिचं लग्न केलं. आणि मुख्य म्हणजे ती कुणाच्या दारात जाऊन बसली नाही. "चार झाडं आहेत तवरिक मले कोणाचं तोंड पाहाची गरज नाई," असं ती म्हणायची. चंद्रपूरला येऊन राहा म्हटलं की विषय बदलायची.

बाई खमकी होती. मोहफुलं पडायच्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा पेटवून द्यायची जुनी रीत. राखेवर पांढुरकं फूल चटकन दिसतं, वेचायला सोपं जातं. पण ती आग पुढं पसरते आणि दरवर्षी गावाचा बांबू जळतो. गिरजाबाईनं पेटवणं सोडलं, ती खराट्यानं झाडायला लागली, आणि एवढ्यावर न थांबता तिनं ग्रामसभेत नियमच करून घेतला. मोहाच्या दिवसांत जंगलात माचिस न्यायची नाही. जो पेटवील त्याच्या घराची झाडं तीन वर्षं दुसऱ्याला. नियम झाला त्याच वर्षी मंगलीनं पाला पेटवला. मंगली गोंडाच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, गिरजाबाईच्या बरोबरीची, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या दोघी. सभेतले चारजण जाऊ द्या म्हणत होते. गिरजाबाई म्हणाली, पहिल्याच वर्षी जाऊ दिलं तर नियम कशाला केला? मंगलीची दोन झाडं गेली.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी प्रफुलनं स्वतःहून सासुरवाडीचा बेत काढला. हर्षाला एवढा आनंद झाला की तिनं कारण विचारलं नाही. गोंडपिपरीत टपरीजवळ गाडी थांबवून तो म्हणाला, "एक माचिस घेऊन ये." चहासाठी लागत असेल, असं समजून तिनं आणली.

रविवारी उजाडताच सगळे मोहाखाली. गिरजाबाई टोपली घेऊन वेचत होती, चारही झाडांखालची जमीन अंगणासारखी झाडलेली. प्रफुल गुडघ्यावर बसला, आडवा झाला, उठला. मग कॅमेरा खाली करून म्हणाला, "आई, धूर पाहिजे होता."

"काहाचा धूर, जवाईबापू?"

"सूर्याची किरणं धुरातच दिसते. मूठभर पाला पेटवा, बस्स. म्याच विझवतो."

"आमच्या गावात पेटवत नाई जी. नियम आहे."

"अवो, फोटोपुरता. कोण पाह्यते?"

प्रफुलनं खिशातली माचिस पुढं केली. गिरजाबाईनं ती घेतली नाही. तिनं पोरीकडं पाहिलं.

हा क्षण हर्षाला पुढं कितीदा आठवला याला हिशेब नाही. नको म्हणायला एक शब्द लागत होता. पण नको म्हटलं असतं तर परतीचा रस्ता तो बोलला नसता, मग आठवडाभर ताट सरकवून उठला असता, आणि पुन्हा सावरटोल्याचं नाव निघालं नसतं. ती म्हणाली, "पेटव ना आई थोडासा. एवढे दुरून आले ते."

जावयानं मागितलं आणि पोरीनं भर घातली. गिरजाबाईनं माचिस घेतली. धूर वर चढला, किरणं उतरली, आणि त्यात वाकलेली सासू प्रफुलला हवी तशी मिळाली. त्यानं पन्नास-साठ फोटो काढले. "थोड्या डावीकडं. खाली पाहा. पदर नका सावरू." मग बुटानं पाला दाबला आणि वाटेतल्या तलावावर पाखरं टिपायचा उजेड जाईल म्हणून सगळ्यांना घाई केली. गिरजाबाई मागं राहून माती टाकते म्हणाली, तर तो म्हणाला, "विझली ना आई, चला. चहा करा."

दुपारी वारा सुटला. ते तिघं चंद्रपूरला पोचून आंघोळी करत होते तेव्हा सावरटोल्याचा बांबू पेटला होता. दोन दिवस जळत राहिला. ग्रामसभेनं तो त्याच वर्षी तोडून विकायचं ठरवलं होतं, त्या पैशातून पाण्याची टाकी व्हायची होती. माणूस कुणी दगावलं नाही, एवढंच बरं.

आग कुणी लावली हे गावाला शोधावंसुद्धा लागलं नाही. प्रफुलनं रविवारी संध्याकाळीच फोटो टाकला होता. खाली 'सावरटोला, ता. गोंडपिपरी' असं लिहिलं होतं आणि तारीखही. गावातल्या पोरांच्या मोबाइलवर तो सोमवारी पोचला. धुरात गिरजाबाईचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

खुशालभाऊ, म्हणजे ग्रामसभेचे अध्यक्ष, यांचा हर्षाला फोन आला. रविवारी सभा आहे, तू आणि जावई दोघंही या.

"फोटो काढून टाका ना," हर्षा प्रफुलला म्हणाली.

"आता काढला त कबूल केल्यासारखं होते. अन् म्या तो स्पर्धेले पाठवला आहे."

"आईची झाडं जातीन."

"अन् माही नोकरी? जंगल जाळल्याची केस झाली त सस्पेंड होईन म्या. पोरीले काय मोहफुलं चारतं?" तो शांतपणे बोलत होता, लेन्स पुसता पुसता. "आग तुह्या आईनं लावली. माचिस तू आणली. म्या काय केलं? फोटो काढला."

सभेला तो आला नाही. त्या रविवारी त्याच्या ग्रुपचा आलापल्लीचा कार्यक्रम आधीच ठरला होता. हर्षा बसनं एकटी गेली.

सभा समाजमंदिरापुढच्या लिंबाखाली भरली. गिरजाबाई पांढरं लुगडं नेसून आली होती, लहानूच्या पुण्यानुमोदनाला, दरवर्षीच्या स्मृतिदिनाला, नेसायची तेच. मोबाइल हातोहात फिरला. पोरं म्हणाली, फोटो चांगला आहे. कुणी हसलं नाही.

मंगली उठली. तिच्या बोलण्यात खार असेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण नव्हता. "म्या एक इचारतो," ती म्हणाली. "गिरजी जंगलात माचिस नेतच नाई. तिच्या कमरेले चुन्याची डबी राह्यते, दुसरं काई नाई. मंग ही माचिस आली कुठून?"

सगळ्यांच्या माना हर्षाकडं वळल्या. खुशालभाऊंनी गोष्ट सरळच मांडली. "पाहा, जावयानं माचिस आणली असन, त्यानं पेटवाले लावलं असन, त सांगा. गिरजाबाईची झाडं राह्यतीन. जावयाची तक्रार आमी वनखात्यात देऊ. नाई त नियम सगळ्याइले सारखा."

म्हणजे गाव गिरजाबाईला वाचवायला बसलं होतं. फक्त एका माणसानं खरं बोलायचं होतं.

"माचिस माही होती," गिरजाबाई म्हणाली.

"तू थांब. हर्षाबाई, तू सांग. तू तिथी होती."

हर्षाला वाटलं होतं आपल्याला बोलताच येणार नाही. तसलं काही झालं नाही. अगदी स्पष्ट आवाज निघाला. "आईचीच होती."

मंगली खाली बसली. झाडं तीन वर्षांसाठी कुणाला द्यायची याची चर्चा झाली आणि ती मंगलीला मिळाली, कारण तिची झाडं अजून सुटली नव्हती. गिरजाबाईनं कागदावर सही केली. पूर्वी अंगठा होता, सही तिला हर्षानंच शिकवली होती.

घरी आल्यावर हर्षा रडायला लागली. आईनं जवळ घेतलं नाही. "चूप. रडली त लोकाइले समजन," एवढंच म्हणाली आणि चूल पेटवायला बसली.

फोटोला दुसरा क्रमांक मिळाला. नागपूरच्या एका क्लबच्या कॅलेंडरवर तो मार्च महिन्यावर छापून आला, खाली 'अरण्यमाता' असं नाव. प्रफुलनं वीस प्रती आणून ऑफिसात वाटल्या. सासूला आता आपल्याकडंच आणू, असंही तो चारचौघांत मोठ्या मनानं म्हणाला. गिरजाबाई आली नाही.

वर्ष उलटलं. मोह पुन्हा गळायला लागला. एका रविवारी प्रफुल पाणवठ्यावर जायला निघाला तेव्हा हर्षानं गाडीची किल्ली त्याच्या पुढ्यात ठेवली, चालवायला दुसरा पाहा म्हणाली, आणि बसनं सावरटोल्याला गेली. रस्ताभर ती मनात वाक्य जुळवत होती. खुशालभाऊंना सगळं सांगायचं. नोकरी गेली तर जाऊ दे.

आई घरी नव्हती. शेजारणीनं जंगलाकडं बोट दाखवलं. हर्षा गेली तर गिरजाबाई त्याच चार झाडांखाली वाकलेली, आणि दोन हातांवर मंगली. टोपली मंगलीची होती. गिरजाबाई आता अर्ध्या वाट्यानं वेचत होती, स्वतःच्या झाडांखाली.

हर्षानं जे ठरवलं होतं ते सगळं सांगून टाकलं. मंगलीनं ऐकलं आणि ती उठून पलीकडच्या झाडाखाली गेली. मायलेकींना मोकळं बोलता यावं म्हणून गेली असावी.

गिरजाबाईचा हात थांबला नाही. "आता सांगशीन त म्या भर सभेत खोटी बोलली हे समजन. झाडं गेली, त्याचं काई नाई. तीन वर्सात परत येतीन. माह्या जबानीवर गावानं मंगलीची झाडं घेतली होती. तेच जबान खोटी म्हणून सांगतं?"

"मंग म्या काय करू, आई?"

"काई करू नको."

हर्षानं पदर खोचला. ती खाली बसली आणि फुलं वेचायला लागली. लहानपणी हेच तर केलं होतं. ओंजळ भरली तशी ती टोपलीत टाकायला गेली.

गिरजाबाईनं टोपली बाजूला ओढली. "राहू दे. मंगलीनं कामाले मले लावलं, तुले नाई." आणि पोरीकडं न पाहता म्हणाली, "अन् तू इथी नको येत जाऊ. तू दिसली का मले तुहा आवाज आयकू येते. आईचीच होती म्हणून."

दुपारची बस दीड वाजता होती. हर्षानं ओंजळीतली फुलं झाडाखाली परत ठेवली, जिथून उचलली होती तिथंच, आणि ती रस्त्याला लागली.