रंधा चालू असताना

माझे सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि महिन्याभरात घरी रंधा मशीन घेऊन आले. इतरांचे सासरे निवृत्तीनंतर बागेतल्या बाकावर बसतात, गुडघ्यांना तेल लावतात. आमच्या नानांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड ठोकली आणि जुन्या दारांचं सागवान आणून त्याचे पाट, चौरंग, देव्हारे करायला घेतले. निव्वळ हौस. तीही नाशिकरोडच्या रो हाउसमध्ये, जिथं शेजारच्या फोडणीनं आपल्याला ठसका लागतो.

रंधा मशीनचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. नुसतं चालू असलं तर घोंघावतं, त्यात फळी घातली की किंचाळतं. मांडणीतली ताटं वाजायची. कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत, त्यामुळे आमची डाळ एक तर कच्ची राहायची नाहीतर बुडाला लागायची. मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. लागलेली डाळ मी मुद्दाम नानांच्या ताटात वाढायचे. ते "झकास झाली" म्हणून खायचे आणि माझा राग आणखी चढायचा.

शेजारच्या काकू माझ्याही वरचढ. दुपारी एक वाजला की कंपाउंडच्या भिंतीवरून डोकं काढायच्या आणि मनगटावर बोट आपटून दाखवायच्या: वेळ झाली, बंद करा. चार वाजेपर्यंत मशीन लावायचं नाही, असा तह झाला होता. एखाद्या दिवशी नानांचं भान सुटलं तर काकूंचा आवाज मशीनच्या वर ऐकू यायचा.

नवऱ्यानं कुठंतरी ऐकलं की भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले की आवाज मरतो. त्यानं ढीगभर ट्रे आणले. अंड्याला न शिवणाऱ्या सासूबाईंनी त्याला ट्रेसकट दाराबाहेर उभं केलं. तरी त्यानं ते मागच्या बाजूनं नेऊन लावलेच. आवाजात काडीचा फरक पडला नाही, फक्त सासूबाईंनी शेडमध्ये पाऊल टाकणं सोडलं. शेवटी ट्रे काढले, मशीनच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे सरकवले, पत्र्याला आतून गोधड्या टांगल्या. काकू थोड्या निवळल्या. आत उभ्या असलेल्या माणसाला मात्र गोधड्यांचा काय उपयोग? त्याच्यासाठी नवऱ्यानं कान गच्च झाकणारे जाड इअरमफ आणले, दोन जोड.

दुसरा जोड माझ्या नशिबी आला. लांब फळी मशीनमधून निघताना पलीकडून धरायला माणूस लागतो. नवरा शिफ्टला, सासूबाईंचा बहिष्कार. उरले मी. माझी पतसंस्थेतली नोकरी, रविवारी घरी. पहिल्याच रविवारी नाना पलीकडून काहीतरी ओरडले. मी ओरडले, "काय?" ते पुन्हा ओरडले, मी त्यांच्याहून मोठ्यानं. सून सासऱ्यावर केवढी खेकसते, हे त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं ऐकलं असणार. नानांनी मशीन बंद केलं.

"सूनबाई, घसा कशाला फोडती?" ते म्हणाले. "टर्बाइनपाशी कुणाला काय ऐकू येतंय? आम्ही समदं हातानंच बोलायचो."

मग त्यांनी मला शिकवलं. मूठ वर म्हणजे थांब. तळहात खाली दाबला की हळू. अंगठा ओठाला लावला की चहा. चुकलं तर कान पकडायचा, पण कानावर इअरमफ, म्हणून त्यावरच दोन टिचक्या मारायच्या. हे त्यांचं नोकरीतलं भांडवल. त्यात आम्ही भर घातली. कमरेवर हात म्हणजे सासूबाई तापल्यात. मनगटावर बोट म्हणजे काकू. घरात नानांशी माझं बोलणं 'वाढू का' आणि 'गोळी घेतली का' एवढंच असायचं. शेडमध्ये आम्ही दोघं हातांनी सगळ्या गल्लीची टिंगल करायचो. माझे वडील मी लहान असताना गेले. घरातल्या मोठ्या माणसाशी इतकं मोकळं बोलण्याचं सुख मला त्या कानठळ्या बसवणाऱ्या शेडमध्येच मिळालं.

मग नानांचा आवाज बसला आणि बसलेलाच राहिला. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस वाचेल पण आवाज जाईल. बोलण्यासाठी पुढे साधनं मिळतात, शिकता येतं, हेही सांगितलं. नानांनी पुढचं ऐकलंच नाही.

"मुकं होऊन जगायचं नाय मला," ते घरी येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हाय तसा जाईन."

नवऱ्यानं पाय धरले. सासूबाईंनी अन्न सोडलं. नाना हलेनात. डॉक्टर म्हणत होते, उशीर करू नका. मला रडू यायला हवं होतं, आला तो राग. रविवारी मी शेड उघडली आणि नानांना म्हटलं, "चौरंग अर्धा पडलाय. तेवढा पुरा करा आणि मग जायचं तिथं जा."

ते आले. रंधा सुरू झाला. थोड्या वेळानं त्यांचा तळहात खाली आला: हळू. मी मुद्दाम फळी जोरात ओढली. मूठ वर गेली. मी दोन टिचक्या मारल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराकडे मान उडवली. मी पोट धरून उपाशी असल्याचं सोंग केलं: तुमच्यापायी सासूबाई जेवत नाहीत. त्यांनी नजर वळवली. मग अंगठा ओठाला लावला. मी मान हलवली: नाही, चहा नाही, आधी त्या जेवतील. बराच वेळ आमचं असं जुंपलं होतं. शेवटी त्यांना हसू आवरेना.

मी बटण बंद केलं. "नाना, आत्ता आपण किती बोललो?"

"लय," ते म्हणाले.

"तोंडातून शब्द काढला का?"

ते भुशावर बोट फिरवत म्हणाले, "तुझं ठीक हाय. बाकीच्यांचं काय?"

"त्यांना मी शिकवते," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण कसं शिकवणार ते मला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशन झालं. नाना वाचले. पण माझा शब्द लगेच खरा झाला नाही. सासूबाई आणि नवरा भराभर शिकले, बाहेरचे कसे शिकणार? भेटायला येणारे नानांशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायचे. कुणी त्यांच्यासमोरच मला विचारायचं, "जेवण जातं का हो त्यांना?" जणू ते तिथं नव्हतेच. नाना आतल्या खोलीत जाऊन बसू लागले. गळ्याच्या छिद्रातून श्वास, त्यामुळे भुसा अंगावर घ्यायला डॉक्टरांची मनाई. शेडला कुलूप लागलं. कुकरच्या शिट्ट्या आता मला नीट मोजता येत होत्या आणि त्या ऐकवत नव्हत्या.

एका दुपारी काकू आल्या. नानांकडे बघून पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाल्या, "अगं, किती बडबडा माणूस! आता कसं व्हायचं गं त्यांचं?"

नाना उठले. खिळ्यावरची शेडची किल्ली घेतली आणि काकूंना खुणेनं मागे बोलावलं. मी धावले, "नाना, भुसा!" त्यांनी दोन्ही हात मोकळे करून दाखवले: फळी नाही. लाकूडच घालायचं नाही तर भुसा कुठून येणार? गळ्यावरचा रुमाल मी तरी नीट करून घेतला. त्यांनी माझे इअरमफ काकूंच्या अंबाड्यावरून कानांवर बसवले, आपले स्वतःच्या कानांवर घातले, मला दारात थांबायची खूण केली आणि बटण दाबलं.

रिकामा रंधा घोंघावू लागला. काकूंचं तोंड हलत होतं, ऐकू काही येत नव्हतं. त्या थांबल्या. नानांनी अंगठा ओठाला लावला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी मदत केली नाही. मग काकूंनी हळूच चिमूट दाखवून बोट हलवलं: साखर नको. नानांनी मान डोलावली, मनगटावर बोट आपटलं आणि डोळे वटारून, भिंतीवरून डोकं काढणाऱ्या काकूंची हुबेहूब नक्कल केली. काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना स्टूल ओढून बसावं लागलं. दारात कान झाकून उभी राहून मी दोघांना पाहत होते. दोघांनाही बोलता येत नव्हतं आणि त्यातला तरबेज माणूस आमचे नाना होते.

त्या आवाजाला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. त्याचे उपकार कसे फेडावेत, मला कळत नाही.

आता नानांना एका साधनानं घरघरत दोन-चार शब्द बोलता येतात. तरीही दुपारी चार वाजले की काकू भिंतीवरून डोकं काढतात आणि मनगटावर बोट आपटतात: वेळ झाली, चालू करा.