बावखलाच्या काठानं

मी अजून वसईत आहे आणि सुट्टीच्या सकाळी धावते आहे, ते पापडीच्या एका वाडीतल्या मावशींमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण लिहिता लिहिता मी वाटांमध्ये आणि झाडांमध्ये रमेन आणि उपकाराची गोष्ट मागं राहील. आज सकाळी त्यांच्या वाडीच्या कुंपणालगत पोचले तर ओल्या, कुजक्या पाल्याचा तो ओळखीचा वास आला. बावखलातलं शेवाळ काढायला घेतलं असणार. बावखल म्हणजे वाडीत राखलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि केळी, फुलं, भाजी त्याच्यावर जगतात. उन्हाळा लागला की वरची हिरवी साय ओढून काढतात, केळीच्या बुंध्याशी खत म्हणून घालतात, आणि मग काही दिवस सगळ्या गल्लीभर हा दर्प असतो. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावतात. मी मात्र थांबते आणि छातीभर श्वास घेते.

मी माणदेशातली. आठवीत शाळा सुटली, का सुटली ते सांगण्यासारखं वेगळं काही नाही. वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं आणि मी इथं आले. पहिल्यापासून माझा स्वभाव धास्तीचा. यंत्राच्या आवाजाची भीती, हायवे ओलांडायची भीती, कुणी कागद पुढं केला की त्यावर काय लिहिलं असेल याची भीती. खोलीत पडल्या पडल्या छातीत नुसतं धडधडायचं. लहानपणी शाळा लांब होती तेव्हा मी धावतच जायची, आणि धावताना कसलीच भीती वाटत नाही हे तेव्हापासून ठाऊक होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी शेअर रिक्षानं स्टेशन गाठायचं, पूल ओलांडून पश्चिमेला उतरायचं आणि पाय नेतील तिकडं धावायचं, असं सुरू केलं.

या मुलखाच्या वाटा धावणाऱ्या माणसाला फार सांभाळून घेतात. पापडीकडं वळलं की गल्ल्या अरुंद होतात, दोन्ही बाजूंनी तगर, अनंत, जास्वंद कुंपणाबाहेर डोकावतात. वळणावर चुन्यानं रंगवलेला क्रूस, पुढच्या वळणावर तुळशीवृंदावन, आणि दोन्हींसमोर सारखीच ताजी फुलं. लांबून चर्चची घंटा येते आणि आपोआप पावलं तिच्या तालात पडतात. गासच्या बाजूला गेलं तर सगळं एकदम उघडं होतं. कापणी झालेल्या भाताची खुंटं, त्यात एका पायावर उभे बगळे, बांधापलीकडं खाडीचं मचूळ पाणी, आणि भरती-ओहोटीप्रमाणं बदलणारा वारा. कधी उलट दिशेला, डोंगराच्या अंगाला, तानसेच्या खोऱ्यात जायचं. तिथं नदी वाकडीतिकडी होत शेतांमधून वाहते, सकाळचं धुकं तिच्या वळणांवर रेंगाळत राहतं आणि नदी दिसायच्या आधी तिचा गारवा अंगाला लागतो. म्हणतात, या पाण्यांवरून एके काळी दूरदेशीची गलबतं येत, सोपाऱ्याला माल उतरत असे. मला इतिहास फारसा वाचता आला नाही. पण जुन्या वाटेवर धावताना पायांना कळतं की ही वाट आपल्याआधी पुष्कळांनी तुडवलेली आहे, आणि त्यानं एकटं वाटणं थोडं कमी होतं.

आता मावशी भेटल्या ती सकाळ. थंडीचे दिवस होते. पापडीच्या गल्लीत एक कुत्रं अंगावर आलं, म्हणून मी कुंपणाच्या फटीतून एका वाडीत शिरले. समोर नारळ-केळींच्या मधोमध हिरवागार, सपाट तुकडा. आमच्याकडं एवढं सपाट हिरवं म्हणजे गुरांसाठी लावलेला मेथीघास. विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर जिवापाड जपलेला. त्याच्यात पाय घालणं म्हणजे शिव्या खाणं. म्हणून मी शहाण्यासारखी अगदी कडेनं निघाले, पीक तुडवलं जाऊ नये म्हणून. पण ज्याला मी कड समजले ती कड नव्हती. पायाखालची जमीनच नाहीशी झाली आणि ते हिरवं माझ्या डोक्यावर मिटलं. मला पोहता येत नव्हतं. कोरड्या मुलखातल्या मुलीला कोण पोहायला शिकवणार? तोंडात शेवाळ, डोळ्यांत हिरवा काळोख, आणि त्या काळोखात एकच विचार आला, तोही कसला, तर आईला फोन कोण करील.

वर आले तेव्हा काठावर एक ठेंगणी बाई उभी होती, हातात शेवग्याच्या शेंगा काढायचा लांब बांबू.

"बांबू धर गो! माझ्या तोंडाकडे काय बघतेस, बांबू धर!"

धरला. त्यांनी ओढलं. मी काठाच्या चिखलात पालथी पडून खोकत होते, आणि त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होत्या.

"पान्यावरून चालत निघालीस ती? फादरला बोलावू काय? त्यांना लागतात अशी मानसं."

मी कसंबसं म्हणाले, "मला वाटलं, घास लावलाय गुरांना."

"घास?" आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. "अगो, त्या घासाच्या पोटात दोन मानसं उभी राहतील, एकावर एक!"

त्यांनी मला आपली मॅक्सी घालायला दिली, गवती पातीचा काळा चहा दिला, केसांतलं शेवाळ स्वतःच्या बोटांनी काढलं. घरातल्यांशी त्या त्यांच्या बोलीत बोलत, ती मला अजूनही निम्मीच कळते. माझ्याशी मात्र सगळ्यांना कळेल असं बोलत होत्या. त्या दिवशी मी रडले नाही. रडू नंतर आलं.

कारण त्यानंतर धावणं संपलं. हिरवं सपाट काही दिसलं की पाय आपोआप मागं वळायचे, आणि वसईत पाणी टाळून कुठं जाणार? वाडीत बावखल, गासला खाडी, डोंगराकडं नदी. खोलीत बसून राहिले तर धास्ती दुप्पट झाली. झोप उडाली, कामावर हात चुकायला लागले. आई फोनवर म्हणायची, "माघारी ये. तिथं काय ठेवलंय तुझं?" तिचंही खरं होतं. पण असं भिऊन माघारी गेले असते तर पुन्हा गावाबाहेर पाऊल टाकायची हिंमत झाली नसती, हे मला स्वच्छ दिसत होतं. दिसत असूनही चैत्रात मी बॅग भरली. जायच्या आधी मॅक्सी परत करायला म्हणून वाडीत गेले.

नेमकं त्याच दिवशी शेवाळ काढून झालेलं होतं. तोच हा वास. बावखल पहिल्यांदाच मला पाण्यासारखं दिसलं. काळसर, शांत, त्यात माडांचे शेंडे उलटे उभे. मावशींनी मॅक्सी घेतलीच नाही.

"गावाला चाललीस? आनि तिथे जाऊन काय सांगशील? वसईचं पानी मानसं गिळतं?"

"नाही मावशी. मला भीती वाटते, एवढंच."

"मग ती इथेच ठेवून जा. आमच्याकडे खड्डा मोठा आहे."

त्यांनी पडवीतून दोन सुके नारळ आणले, न सोललेले, सोडणासकट, काथ्यानं एकमेकांना बांधलेले. त्या वाडीतल्या सगळ्या मुली अशाच पोहायला शिकलेल्या. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनाही सासूनं याच पाण्यात उतरवलं होतं, बागायतीच्या घरात सुनेला पाण्याची भीती परवडत नाही म्हणून. जोडी माझ्या पोटाखाली आली, काथ्या काखेखालून पाठीवर गेला. मावशी पदर खोचून माझ्याआधी पाण्यात उतरल्या.

"नारळ कधी बुडलेला बघितलायस? मग! तू काय त्याच्याहून जड आहेस? कारखान्यात जेवायला देतात की नाय तुला?"

मी हसले आणि हसताना पाय सुटले. पाण्यानं मला धरलं. हे मला दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. त्यांचा तळहात हनुवटीखाली होता, मग नव्हता, आणि तो कधी निघून गेला ते मला समजलं नाही.

बॅग त्या आठवड्यात रिकामी केली. पुढच्या प्रत्येक सुट्टीला थोडं थोडं शिकत गेले, आणि एक दिवस नारळ काठावरच राहिले. मग वाटाही एकेक करून परत मिळाल्या. धास्ती गेली असं नाही म्हणणार. ती अजून असते, पण आता तिच्याशी बोलता येतं.

इकडं खूप काही बदलतं आहे. माझ्या नेहमीच्या वाटेवरची काही बावखलं भराव घालून बुजवली, त्यांच्यावर इमारती आल्या. नवीन माणसं तिथं राहतात आणि पायाखाली काय होतं ते त्यांना ठाऊक नसणार, जसं मला नव्हतं. मी कुणाला नावं ठेवत नाही. मीही बाहेरून आलेलीच. धावताना फक्त एवढं होतं की अशा जागेपाशी आल्यावर पावलं आपोआप हलकी पडतात.

आज मावशी काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली आहे; शेवाळ दुसरे काढतात आणि त्या हातवारे करून सांगत राहतात. मला बघून म्हणाल्या, "तुझ्या गावाला खरंच तळं नाय? मग लोक बसतात कुठे संध्याकाळचे?"

"बांधावर, मावशी."

"मला बघायचंय ते. अख्ख्या जन्मात मी पान्याशिवायची जमीन बघितली नाय."

मी हो म्हणाले, पण ते तोंडदेखलं राहू नये म्हणून इथं लिहून ठेवते. मावशी, एकदा मी गावी हरून निघाले होते. आता जाईन ती तुम्हाला घेऊन. सुगीच्या दिवसांत, ऊन कोवळं असताना. आई तुमच्यासाठी चुलीवर बाजरीची भाकरी करील, आणि संध्याकाळी बांधावर तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांना तेल लावत मी शेजारी बसेन, तुम्हाला पुरेपर्यंत.