रेरावांची रायफल आणि आमचा दसरा

माझ्या होणाऱ्या व्याह्यांच्या रायफलचा नेम मी एकही गोळी न झाडता बिघडवला.

त्याचं असं झालं. आमची मुक्ता टायलरशी लग्न करायचं म्हणत होती आणि टायलरचे वडील, रे, दसऱ्याला टेक्सासमधल्या प्लेनोला आमच्या घरी जेवायला येणार होते. बायको गेल्यापासून या माणसानं एकट्यानं मुलाला वाढवलेलं. त्यांना आम्ही पटलो नाही, तर टायलर काय करेल याची खात्री मुक्तालाही नव्हती. मला तर रात्रभर झोपच नाही.

"बाबा, प्लीज, आज नॉर्मल राहा," ती सकाळपासून बजावत होती.

"म्हणजे नेमकं काय करू?"

"काहीच करू नकोस. दॅट्स द पॉइंट."

रे एकटेच आले, तेही रायफलसकट. जेवून थेट शूटिंग रेंजवर जायचं होतं, हरणांच्या शिकारीचा सीझन तोंडावर आलेला, आणि ट्रकमध्ये बंदूक सोडून येणं त्यांना पसंत नव्हतं. (आपण छत्री घेऊन जातो, तसे टेक्सासमध्ये लोक बंदूक घेऊन जातात. मी हसून स्वागत केलं.) गेस्टरूमच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली आणि ती रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून गोळी भरायची जागा उघडी ठेवली. वर नेम धरायची दुर्बीण बसवलेली होती.

"ही पंप-अ‍ॅक्शन," ते म्हणाले. (बोलणं सगळं टेक्सासच्या इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगतोय.) "ही पुढची लाकडी मूठ मागेपुढे ओढली की नवी गोळी भरली जाते. लोक म्हणतात, मूठ हलती म्हणून असल्या रायफलींचा नेम यथातथाच. पण ही माझ्या वडिलांची. शंभर यार्डांवरून सगळ्या गोळ्या कॉफीच्या डब्याच्या झाकणाएवढ्या वर्तुळात मारते."

मी मनातल्या मनात झाकणाची पुरी केली आणि आदरानं मान डोलावली.

जेवणाआधी मी त्यांना मागच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड दाखवायला नेलं. (आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते बघावंच लागतं.) परत येऊन गेस्टरूममध्ये डोकावलो आणि दारातच थबकलो. रायफलच्या नळीला हळदकुंकू, दुर्बिणीला झेंडूची माळ आणि त्या उघड्या जागेत मूठभर अक्षता. समोर माझी आई, कऱ्हाडहून खास दसरा-दिवाळीला आलेली, हात जोडून उभी.

"आई, हे काय केलंस?"

"दसरा आहे ना? इथं येते तेव्हा तुझ्या त्या कीबोर्डाला कुंकू लावते, तेव्हा काही बोलतोस का? आज पहिल्यांदा घरात खरं शस्त्र आलंय, ते तसंच ठेवू? आणि अक्षतांसाठी रेरावांनी जागासुद्धा उघडी ठेवलीय. माणूस संस्कारी आहे हो."

"अगं, त्यांच्या वडिलांची आहे ती!"

"मग तर पूजा केलीच पाहिजे."

बाहेरून मुक्तानं विचारलं, "बाबा, एव्हरीथिंग ओके?" मी म्हणालो, "एकदम." आणि दार लावून कामाला लागलो. माळ काढली, अक्षता टिपल्या, नळी पुसली. कुंकू पुसलं की पसरतं हे पन्नाशी उलटल्यावर मला त्या दिवशी कळलं. नळीला आजारी माणसासारखा गुलाबी रंग चढला, म्हणून वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला. तरी दुर्बिणीच्या कड्यात कुंकू शिरलेलंच. फर्निचर जोडायची एक किल्ली ड्रॉवरमध्ये होती. ती नेमकी बसली. स्क्रू सैल केले, कुंकू काढलं, स्क्रू परत पिळले. शेवटी इंजिनिअर आहे मी. (सॉफ्टवेअरचा, पण घाबरलेल्या माणसाला तेवढा फरक सुचत नाही.)

जेवणं उरकल्यावर रे आम्हालाही रेंजवर घेऊन गेले, आईसुद्धा आली. "पूजा केली ती चालते कशी, बघायला नको?" नऊवारीवर कानाचे मोठे हेडफोन चढवून ती मुक्ताशेजारी बाकावर बसली. रेंनी मूठ ओढली आणि खालून दोन गुलाबी तांदूळ टेबलावर टपकले. मी झटकन त्यांवर हात ठेवला.

पहिली गोळी कागदाच्या डाव्या कडेला लागली. दुसरी वर उजवीकडे. तिसरी कागदाला लागलीच नाही. प्रत्येक वेळी मूठ ओढली की तांदूळ पडायचे आणि मी वेड्यासारखा टेबल पुसत बसायचो. खोबरेल तापून रेंजवर तळणाचा वास सुटला होता.

रेंनी रायफल टेबलावर ठेवली. स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग हलकेच म्हणाले, "ही कधी चुकत नाही. माझेच हात थरथरायला लागले असणार. यंदा सीझनला जात नाही मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं तर लग्न मोडेल, न सांगावं तर हा भला माणूस स्वतःला म्हातारा समजून घरी बसेल. तेवढ्यात त्यांनी टेबलावरून एक दाणा उचलला.

"हा तांदूळ आहे?"

मुक्तानं माझ्याकडे असं पाहिलं की मी हरणाच्या जागी असतो तर बरं झालं असतं. पण आई उठली, पुढे आली आणि रायफलला सरळ नमस्कार केला. "रेराव, पूजा. आय डू. टुडे दसरा." पुढचं सगळं मुक्तानं रडवेल्या आवाजात इंग्रजीत समजावलं.

रेंनी टोपी काढली. "माझे वडील सीझनच्या आधी हिच्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे," ते म्हणाले. "ते गेल्यापासून कोणी केली नव्हती." त्यांचे डोळे भरून आले. आईनं पदरानं स्वतःचे पुसले. मीही गहिवरलो आणि मनात म्हटलं, सुटलो.

"पण तांदळानं नेम चुकत नाही," असं म्हणत रेंनी दुर्बिणीला बोट लावलं. ती डुगडुगली. "हिला कोणी हात लावला?"

"मी फक्त फुलं वाहिली," आई म्हणाली. तिला इंग्रजी नेमकं तेवढंच कळलं.

"बाबा," मुक्ता म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

मी सगळं सांगितलं. किल्लीचंही. रेंनी आपला पाना काढून स्क्रू आवळले, दुर्बीण जुळवून घेतली आणि पुन्हा गोळ्या झाडल्या. सगळ्या एका पुरीत. मग आईला ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि दर दसऱ्याला रायफल घेऊन येण्याचं कबूल केलं. मला मागं बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगून.

लग्न झालं, थाटात झालं. कन्यादानाच्या वेळी गुरुजी मला म्हणाले, "हात पुढे करा." मी ते पुढे करताच समोर बसलेले रे दचकून मुक्ताच्या कानाशी वाकले आणि त्यांनी विचारलं, "यात कुठे स्क्रू नाहीत ना?"