देवाजीचा कडू घास

कोणी फार मोठ्यानं रडलं की मला शंका येते, आणि कोणी मुळीच रडलं नाही की त्याहून जास्त येते. आमच्या शेजारचा देवाजी या दुसऱ्या प्रकारातला.

नागपुरात गोळीबार चौकामागे आमची कोष्ट्यांची वस्ती. देवाजीचा थोरला भाऊ महादेवराव मागावर लुगडी विणायचा आणि देवाजी त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायचा. लहानपणापासून त्यानं कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. पोरं खेळायची, हा कांड्या एका रेषेत लावत बसायचा. विशीत त्याला आवाज ऐकू येऊ लागले, अन्नात कोणी विष कालवतं असं वाटू लागलं. इस्पितळात डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. आवाज कमी झाले, संशय राहिला. वस्तीनं मात्र आपलं वेगळंच निदान केलं होतं, की याला काळीजच नाही. माझी सासू ओट्यावरून पडली तेव्हा हा तिच्याकडे न बघता तिची उलटी पडलेली चप्पल सरळ करून निघून गेला. मग काय म्हणायचं अशा माणसाला?

आणीबाणीच्या आदल्या वर्षी महादेवराव छातीत कळ येऊन गेला. मूलबाळ नव्हतं. मयत उचलली तेव्हाही देवाजी आपला कांड्या भरत होता. डोळ्यात टिपूस नाही. महादेवरावाला शेवटचा चहा कोणी दिला, अशी कुजबुज सुरू झाली. मीही विचारलं, खोटं कशाला बोलू?

महादेवरावाच्या बायकोचा, रंभाबाईचा भाऊ बळीराम खाप्याहून आला होता. त्यानं ठरवूनच टाकलं, की देवाजीला उद्या कायमचं इस्पितळात टाकायचं आणि बहिणीला खाप्याला न्यायचं. अशा माणसासोबत एकटी बाई एका छपराखाली कशी राहणार? मला ते पटलं.

मयतीच्या दिवशी घरची चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. त्याला कडू घास म्हणतात. तो माझ्याकडे होता. मी पिठलं-भाकरी आणि ठेचा घेऊन गेले, तर देवाजी आधी टोपलीकडे आणि मग माझ्या हातांकडे टक लावून पाहू लागला. म्हणजे संशय माझ्यावरच! चोराच्या उलट्या बोंबा.

रंभाबाईनं घास मोडला, तोच देवाजीनं तिच्यापुढचं ताट ओढून घेतलं. भाकरी, पिठलं, ठेचा, सगळ्यातलं थोडं थोडं खाल्लं. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. बळीरामनं त्याची बंडी धरली.

"भाऊ जळून राहिला तिकडं, अन् हा गिळून राहिला," तो म्हणाला.

दोन्ही हात पोटावर दाबून देवाजी भिंतीकडे बघत बसला. घामानं त्याची मान भिजली होती. बराच वेळ गेला. मग त्यानं ताट तिच्याकडे सरकवलं, तेही तिच्याकडे न बघता.

"जेवा आता वहिनी. मले काई झालं नाई."

रंभाबाई तोवर दगडासारखी होती, ती आता रडायला लागली. धनी रोज भाऊजींच्या ताटातला पहिला घास खाऊन दाखवायचे, तेव्हा कुठं भाऊजी जेवायचे, असं तिनं सांगितलं. मग ती त्याच उष्ट्या ताटात जेवली आणि भावाकडे वळली.

"दादा, तू जाय गा खाप्याले. भाऊजी इथंच राहीन, अन् मीबी."

बळीराम पुष्कळ बोलला, शेवटी सकाळच्या मोटारीनं गेला. पुढं कितीतरी वर्षं रंभाबाई विणायची आणि देवाजी कांड्या भरायचा. माझ्याशी तो कधी धड बोलला नाही.

त्या दिवशी मात्र मी घरी आले ती रागानं लाल होऊन. माझ्या हातच्या अन्नावर संशय! भांडी घासता घासता तो राग उतरला, कारण तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. पिठल्यात विष आहे अशी देवाजीची पक्की खात्री होती, आणि रंभाबाईच्या आधी ते त्यानं खाल्लं होतं.